पगार नसलेला खेळ : मराठवाड्यातील खो-खोपटूंची कारकीर्द

१९ जानेवारी २०२५. दिल्लीचे इंदिरा गांधी इनडोअर स्टेडियम. पहिल्या खो-खो विश्वचषकातील महिलांचा अंतिम सामना, आणि भारतासमोर नेपाळ. पहिल्याच आक्रमणात भारतीय मुलींनी ३४ गुण वसूल केले आणि सामन्याचा निकाल जवळजवळ तेथेच लागला. शेवटचा गुणफलक होता ७८-४०. चषक उंचावणारी कर्णधार होती प्रियांका इंगळे. ती वाढली पुणे-पिंपरी परिसरात. परंतु तिच्या कुटुंबाचे मूळ गाव बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातील कळमअंबा.

आता एक साधा प्रश्न. जगज्जेत्या संघाच्या या कर्णधाराचा व्यवसाय कोणता? ‘खो-खो खेळणे’ हे त्याचे उत्तर नव्हे. तिची नोकरी आयकर खात्यात होती. या थ्रेडचा विषय हा विश्वचषक नाही; ज्या खेळात जगज्जेतेपद मिळते पण पगार मिळत नाही, त्या खेळात एखादी मुलगी पंधरा-पंधरा वर्षे कशी टिकते, हा आहे.

बीड जिल्ह्याचा इतिहास सांगायचा म्हटला की इतिहासप्रेमींची पावले आपोआप धर्मापुरीकडे वळतात. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातील केदारेश्वराचे मंदिर, त्याच्या बाह्यभिंतीवरील सुरसुंदरी, पुढे अंबाजोगाई, परळी वैजनाथ. तेथे दगड बोलतो, शिलालेख साक्ष देतात. खेळाच्या इतिहासाला असा शिलालेख नसतो. शाळेच्या मैदानावर चुन्याने आखलेल्या रेषा पहिल्या पावसात वाहून जातात. उरतात त्या वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावरील चार ओळी आणि घरातील भिंतीवर टांगलेली, कडा पिवळी पडलेली प्रमाणपत्रे. म्हणूनच हा इतिहास लिहून ठेवणे अगत्याचे आहे.

प्रथम ‘व्यावसायिक खेळाडू’ या शब्दाचा अर्थ नीट पाहू. त्यासाठी थोडे दूर, नेदरलँड्सपर्यंत जावे लागेल.

नेदरलँड्सच्या महिला हँडबॉल संघाने १५ डिसेंबर २०१९ रोजी जपानमधील कुमामोतो येथे जागतिक अजिंक्यपद पटकावले. अंतिम सामन्यात स्पेनवर ३०-२९ अशी मात. विजयी गोल लोइस आबिंग हिने अखेरच्या क्षणी मिळालेल्या सात मीटरच्या फेकीवर केला. त्या एका फेकीमागे एक संपूर्ण व्यवस्था उभी होती. डच हँडबॉल संघटनेने २००६ साली पापेंडाल येथे मुलींसाठी निवासी अकादमी सुरू केली होती. तेथे तयार झालेल्या मुली मायदेशातील तुटपुंज्या लीगमध्ये अडकून न पडता परदेशी क्लबांकडे जात. स्वतः आबिंग जर्मनी, फ्रान्स, रशिया आणि डेन्मार्क येथील क्लबांकडून खेळली. तिची सहकारी निके ग्रूट हिने हंगेरीतील ग्यॉर या क्लबाकडून २०१७, २०१८ आणि २०१९ अशी सलग तीन वर्षे चॅम्पियन्स लीग जिंकली. म्हणजे करार, ठरलेले वेतन, संघबदल, दुखापत झाल्यास क्लबाचा डॉक्टर. खेळणे हेच काम, आणि कामाचा मोबदला महिन्याच्या महिन्याला.

हँडबॉल काही जगातील सर्वांत श्रीमंत खेळ नव्हे. तरीही महिलांचे हँडबॉल १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून त्या मेळ्यात आहे, आणि ऑलिंपिकचे दार उघडले की सरकारी तिजोरीचे दारही किलकिले होते. खो-खो ना ऑलिंपिकमध्ये आहे, ना आशियाई स्पर्धांच्या पदकतालिकेत. १९८२ च्या दिल्ली आशियाडमध्ये हा खेळ दाखवला गेला तो प्रदर्शनीय म्हणून. पाहुण्यांना घरची पुरणपोळी वाढावी तसा. पंगतीच्या हिशेबात तो धरला गेला नाही.

खो-खोची आधुनिक कहाणी पुण्यात सुरू होते. पळापळीचा हा खेळ जुना आहे. त्याची मुळे कुठवर जातात याविषयी भव्य दावे पुष्कळ आहेत आणि पुरावे बेताचेच. कागदावर पाय टेकतात ते १९१४ साली, जेव्हा पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने या खेळाला नियमांची चौकट दिली. पुढे बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने स्पर्धा भरवल्या, आणि १९२८ मध्ये स्थापन झालेल्या अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने नियमांची घडी अधिक नीट बसवली. स्वदेशीचा आणि शारीरिक शिक्षणाचा तो काळ. क्रिकेटची बॅट विकत घ्यावी लागे. खो-खोला दोन खांब आणि थोडी मोकळी जमीन पुरे.

पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५९-६० मध्ये विजयवाडा येथे झाली. महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा लगेच पुढील हंगामात, कोल्हापुरात. हे अंतर केवळ एका वर्षाचे आहे, याची नोंद घ्यावी. अनेक खेळांत स्त्रियांना राष्ट्रीय मैदानापर्यंत पोचायला पिढ्या लागल्या. खो-खोत मैदान लवकर मिळाले. अडचण मैदानाबाहेर होती.

सत्तरीच्या दशकातील अर्जुन पुरस्कारांची यादी पाहिली तर एक गमतीची गोष्ट ध्यानात येते. १९७१ मध्ये अचला देवरे, गुजरात. १९७३ मध्ये भावना पारीख, गुजरात. १९७४ मध्ये नीलिमा सारोळकर, मध्य प्रदेश. १९७५ मध्ये उषा नगरकर, महाराष्ट्र. पुरुषांत १९७० चे मानकरी सुधीर परब, तेही गुजरातचे. देवरे, सारोळकर, परब ही आडनावे राज्याच्या नावाशी ताडून पाहावीत. गायकवाडांच्या बडोद्यात आणि होळकरांच्या इंदुरात पिढ्यानपिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांनी भाषेबरोबर हा खेळही सांभाळला होता. मराठी माणूस जेथे गेला तेथे गणपती आणि नाटक घेऊन गेला असे म्हणतात. त्या यादीत खो-खोही घालायला हरकत नाही.

मराठवाडा मात्र या नकाशावर उशिरा आला. पुणे-बडोद्याला नियमांची पुस्तके छापली जात होती तेव्हा बीड आणि धाराशिव निजामाच्या राज्यात होते. १७ सप्टेंबर १९४८ ला तो प्रदेश मुक्त झाला, १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. जिमखाने, तालीम संघ, शारीरिक शिक्षण महाविद्यालये यांचे जे जाळे पश्चिम महाराष्ट्रात पन्नास वर्षे विणले जात होते, ते येथे मुळापासून विणावे लागले. आणि विणायला हाती काय होते? जिल्हा परिषदेच्या शाळा, एखादा झपाटलेला शिक्षक, बालाघाटाच्या डोंगररांगांतली मुरमाड जमीन आणि दुष्काळ.

खो-खो अशा जागी का रुजला हे समजण्यासाठी खेळच थोडा जवळून पाहिला पाहिजे. पारंपरिक मैदानाच्या दोन टोकांना दोन खांब असतात. त्यांना जोडणाऱ्या मधल्या पाटीवर आठ आक्रमक एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून उकिडवे बसतात. नववा उभा राहून पाठलाग करतो. समोर तीन-तीनच्या तुकडीने संरक्षक उतरतात. पळणाऱ्याला मधली पाटी ओलांडून कुठेही जाता येते; पाठलाग करणाऱ्याला ती ओलांडता येत नाही. एकदा दिशा धरली की खांबाला वळसा घालेपर्यंत मागे वळणेही नाही. वेगवान माणसालाच नियमांनी असे जखडून टाकले आहे. त्याची एकच सुटका : बसलेल्या सोबत्याच्या पाठीला हात लावून ‘खो’ म्हणायचे आणि त्याच्या जागी आपण बसायचे.

म्हणून या खेळात एकट्याने वेगवान असून भागत नाही. उत्तम आक्रमक तोच, ज्याला आपण कोठे थांबावे हे कळते. उत्तम संरक्षक आठ जणांच्या रांगेतून साखळीने नागमोडी पळत राहतो. पाठलाग करणाऱ्याच्या खांद्याची हालचाल पाहून अर्ध्या क्षणात हुलकावणी देतो. खांबापाशी कोपऱ्यात सापडला की आक्रमक सूर मारतो, आणि त्या सुरात ढोपर, कोपर, हनुवटी काहीही सोलून निघते. मुरमाच्या मैदानावर सराव करणाऱ्या मुलींच्या गुडघ्यांवरचे व्रण हे या खेळाचे ओळखपत्रच म्हणावे लागेल.

मैदानावर दोन मिनिटे नाबाद राहणे म्हणजे काय हे बाहेरून पाहणाऱ्याला उमगत नाही. घड्याळाची दोन मिनिटे ती. परंतु त्या वेळात ताज्या दमाचे आठ-नऊ जण आळीपाळीने एकाच जीवामागे लागलेले असतात. वर्तमानपत्रात सामन्याचा वृत्तांत येतो तो या हिशेबात : अमुक हिने इतकी मिनिटे संरक्षण केले, इतके गडी बाद केले. धावा नाहीत, गोल नाहीत. किती वेळ हाती लागली नाही, हीच मिळकत.

बूट नसले तरी हा खेळ खेळता येतो. पोट रिकामे असले तर मात्र फार काळ खेळता येत नाही. येथे धाराशिवच्या सारिका काळे हिची कारकीर्द समोर येते.

बीडला लागून असलेला धाराशिव जिल्हा, तेव्हाचा उस्मानाबाद. सारिका तेराव्या वर्षी खो-खोकडे वळली. घरची परिस्थिती बेताची नव्हे, बिकट होती. वडिलांना शारीरिक मर्यादांमुळे फारसे कमावता येत नसे. आई शिवणकाम करी. आजी-आजोबांच्या कमाईवर घर उभे होते. पुढे अर्जुन पुरस्कार जाहीर झाला तेव्हा तिने एका मुलाखतीत सांगितले की, जवळजवळ दहा वर्षे तिने दिवसातून एकदाच जेवून काढली. खेळाडूला लागणारा आहार मिळे तो शिबिरात असताना किंवा स्पर्धेला गेल्यावर.

हे वाक्य नुसते हळहळून सोडून देण्यासारखे नाही. एरवी घर पोट भरते आणि खेळ भूक वाढवतो. येथे स्पर्धा हीच खानावळ होती. राज्य संघात निवड होणे म्हणजे सन्मान तर खराच, पण त्याबरोबर दहा-पंधरा दिवसांचे अंडी-दूध. निवड हुकली की तेही हुकले. क्रीडा प्रबोधिन्या, शिबिरे आणि भत्ते यांविषयीचे शासकीय निर्णय वाचताना हा हिशेब डोळ्यांपुढे ठेवला तर त्या कोरड्या कागदांना वेगळाच अर्थ येतो.

तिला घडवणारे प्रशिक्षक चंद्रजित जाधव. फेब्रुवारी २०१६ मध्ये गुवाहाटी येथे दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धा झाल्या. सारिका भारतीय महिला संघाची कर्णधार होती आणि संघाने सुवर्णपदक जिंकले. देशाची कर्णधार, गळ्यात सुवर्ण. गोष्टीच्या पुस्तकात येथे पडदा पडला असता.

त्याच वर्षी तिने खेळ सोडण्याचा विचार केला. कारण पैशाचे होते. मैदानावरील यश शिखरावर असताना घरातील चूल तशीच होती. पदकाला बाजारभाव नव्हता. ती खोलीबाहेर येईना, मैदानाकडे फिरकेना. जाधव सरांनी समजूत घातली, धीर दिला आणि ती परतली. एका माणसाने घरी जाऊन केलेल्या समजुतीवर देशाच्या कर्णधाराची कारकीर्द तरली, हे त्या माणसाचे मोठेपण आहे आणि व्यवस्थेचे तितकेच मोठे अपयश. डच हँडबॉलपटूचा करार संपला तर दुसऱ्या क्लबाशी बोलणी होतात. सारिकाजवळ संपण्यासारखा करारच नव्हता.

मग उपजीविका आली कोठून? सरकारी कार्यालयातून. महाराष्ट्र शासनाने २००५ साली गुणवत्ताप्राप्त खेळाडूंसाठी शासकीय सेवेत पाच टक्के आरक्षण लागू केले. या एका निर्णयाने देशी खेळांच्या मुलामुलींचे जग किती बदलले, याचा इतिहास अजून कोणी सविस्तर लिहिलेला नाही. तालुक्याच्या मैदानांवर राष्ट्रीय स्पर्धेच्या प्रमाणपत्राकडे पाहण्याची दृष्टीच पालटली. तो केवळ कौतुकाचा कागद राहिला नाही. नोकरीच्या अर्जाला जोडायचा दस्तऐवज झाला. ‘पळून पळून काय मिळणार’ असे विचारणाऱ्या घरांतून मुलींना मैदानावर सोडले जाऊ लागले, यात या निर्णयाचा वाटा मोठा आहे. अर्थात आरक्षणाबरोबर खोट्या प्रमाणपत्रांचा धंदाही आला आणि पडताळणीचे नियम कडक करावे लागले; पण तो स्वतंत्र थ्रेडचा विषय आहे.

सारिका काळे तुळजापूर येथे तालुका क्रीडा अधिकारी झाली. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. साथीचे दिवस असल्यामुळे तो सोहळा दूरदृश्य पद्धतीने पार पडला. त्याआधी खो-खोला अर्जुन मिळाला होता १९९८ साली, शोभा नारायण हिला. मधली बावीस वर्षे रिकामी. या बावीस वर्षांत खो-खो बंद पडला नव्हता. दरवर्षी राष्ट्रीय स्पर्धा होत होत्या, राणी लक्ष्मीबाई पुरस्कारही दिले जात होते. फक्त दिल्लीचे लक्ष नव्हते.

खो-खोपटू स्त्रीच्या कारकिर्दीत नोकरी ही निवृत्तीनंतरची सोय नसते. तीच तिचा क्लब असते. आयकर, रेल्वे, भारतीय विमानतळ प्राधिकरण, पोलीस, बँका ही नावे वाचताना युरोपातील क्लबांच्या जागी ती ठेवून पाहावीत. २०१९ च्या काठमांडू येथील दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताचे नेतृत्व करणारी, दिल्लीची नसरीन शेख हीदेखील विमानतळ प्राधिकरणाच्या नोकरीत होती. ग्यॉरचा क्लब ग्रूटला हँडबॉल खेळण्याचे पैसे देत होता. कार्यालय खो-खोपटूला पैसे देते ते टेबलावरच्या कामाचे, आणि खेळण्यासाठी देते ती रजा.

मुलांना याहून एक जास्तीची वाट होती. बीडच्याच आष्टी तालुक्यातील मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात, महार रेजिमेंटमध्ये दाखल झाला. सियाचीनच्या थंडीत आणि राजस्थानच्या उन्हात सेवा बजावली आणि सैन्यातच धावपटू म्हणून घडला; पुढे ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये ऑलिंपिकपर्यंत पोचला. आधी पगार, मग खेळ असा तो क्रम. त्याच मातीतल्या मुलीसाठी क्रम उलटा होता : आधी दहा-बारा वर्षे खेळ, जमल्यास पगार. आणि त्या दहा-बारा वर्षांच्या मध्ये लग्नाचे वय येते.

२०२२ मध्ये असे वाटले की आता चित्र पालटेल. त्या वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पुण्याच्या बालेवाडीत ‘अल्टिमेट खो खो’ ही व्यावसायिक लीग सुरू झाली. सहा संघ, उद्योगसमूहांची मालकी, दूरचित्रवाणीवर थेट प्रक्षेपण. माती गेली, मॅट आली. मैदान आटोपशीर झाले, ‘वझीर’ नावाचा कोणत्याही दिशेने पळू शकणारा आक्रमक आला, आणि तुकडी ठरावीक वेळ टिकली तर संरक्षणालाही गुण मिळू लागले. पहिल्या हंगामाचे विजेते ओडिशा जगरनॉट्स. कटकमध्ये भरलेल्या दुसऱ्या हंगामाचे गुजरात जायंट्स. खेळाडूंना प्रथमच करार मिळाला, लिलावासारख्या निवडीत श्रेणी ठरली.

ही लीग पुरुषांची होती. दोन्ही हंगामांत महिलांचा एकही संघ नव्हता. कबड्डीतही हेच घडले होते : प्रो कबड्डी २०१४ मध्ये आली, २०१६ मध्ये तीन संघांची महिलांची छोटीशी स्पर्धा तिला जोडून घेतली गेली, आणि पुढे ती चाललीच नाही. ज्या खेळात महिलांची राष्ट्रीय स्पर्धा पुरुषांपाठोपाठ एका वर्षात सुरू झाली, त्यात व्यावसायिकतेच्या पहिल्या पायरीवर मात्र त्यांना जागा ठेवली गेली नाही.

अशा स्थितीत जानेवारी २०२५ उजाडले. २३ देशांतून पुरुषांचे २० आणि महिलांचे १९ संघ दिल्लीत जमले. भारतीय मुलींनी पहिल्या सामन्यात दक्षिण कोरियाला १७५-१८ असे नमवले. इराण आणि मलेशियाविरुद्ध शंभरी गाठली, उपांत्यपूर्व फेरीत बांगलादेशावर १०९-१६, उपांत्य फेरीत दक्षिण आफ्रिकेवर ६६-१६. हे आकडे पाहून काहींनी स्पर्धेच्या दर्जाबद्दल नाके मुरडली. तो आक्षेप पूर्णपणे खोटा नाही. अनेक देशांसाठी हा खेळ नवाच होता. परंतु कोणत्याही खेळाच्या पहिल्या जागतिक स्पर्धेत त्या खेळाचे घर आणि पाहुणे यांत असेच अंतर असते. नेपाळने अंतिम सामन्यात ४० गुण मिळवले, ही गोष्ट त्या दृष्टीने अधिक बोलकी आहे.

प्रियांका इंगळे त्या संघाची कर्णधार झाली ती अचानक नव्हे. शाळकरी वयापासून ती अविनाश करवंदे यांच्या मार्गदर्शनाखाली खेळत होती. कुमारी गटातून वर येत तिने महिलांसाठीचा राणी लक्ष्मीबाई हा राष्ट्रीय पुरस्कारही मिळवला होता. कळमअंब्याहून पुण्याकडे आलेले कुटुंब, खासगी कंपनीत काम करणारे वडील, आणि शहरात मिळालेला नियमित सराव. बीडची मुलगी पुण्यात घडली, हे बीडच्या अभिमानाचे आहे. तिला घडायला पुणे लागले, हा त्याच वाक्याचा दुसरा अर्धा भाग. धाराशिवने आपल्या मुली धाराशिवातच घडवल्या. याच विश्वविजेत्या संघातील अश्विनी शिंदे तेथलीच.

विजयानंतर मॅटवर झालेला जल्लोष सगळ्यांनी पाहिला. त्यानंतर काय झाले हे थोड्यांनीच पाहिले. महाराष्ट्र शासनाने आपल्या विश्वविजेत्या खेळाडूंसाठी प्रत्येकी २ कोटी २५ लाख रुपये आणि शासकीय नोकरीची घोषणा केली. खो-खोच्या शंभर वर्षांत असा आकडा कोणी ऐकला नव्हता. ज्या खेळात दूध-अंड्यांसाठी शिबिराची वाट पाहावी लागे, त्यात एका चषकाने आयुष्याची बेगमी झाली.

परंतु बक्षीस आणि वेतन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वेतन प्रत्येक खेळाडूला मिळते, हरणाऱ्यालाही. बक्षीस फक्त त्या पंधरा जणींना मिळते ज्या त्या वर्षी, त्या संघात, त्या दिवशी जिंकल्या. सारिका काळेने २०१६ मध्ये जे सुवर्ण जिंकले तेही भारतासाठीच होते. फरक इतकाच की तेव्हा विश्वचषक नावाची स्पर्धा अस्तित्वात नव्हती. आणि बक्षीस कोणत्या राज्याचे, यावर त्याचा आकडा ठरतो.

तो फरक लगेच उघडा पडला. अंतिम सामन्यात अप्रतिम संरक्षण करणारी चैत्रा बी. ही कर्नाटकाची, पुरुष संघातील गौतम एम. के. हाही कर्नाटकाचाच. एकाच संघात, एकाच मॅटवर, एकाच चषकासाठी ही मुले महाराष्ट्राच्या खेळाडूंबरोबर पळाली होती. त्यांच्या राज्याने प्रत्येकी ५ लाख रुपये जाहीर केले. दोघांनीही ती रक्कम नाकारली आणि कारण उघडपणे सांगितले : महाराष्ट्राने आपल्या खेळाडूंना २ कोटी २५ लाख आणि नोकरी दिली आहे.